प्राचीन इजिप्शियन चित्रलिपीचे संगणकीय संकेतन : स्वरूप, टप्पे आणि समस्या

सारांश :

प्राचीन इजिप्तची चित्रलिपी सुमारे साडेतीन हजार वर्षे वापरात होती आणि त्यानंतर जवळजवळ चौदा शतके ती कोणालाही वाचता येत नव्हती. १८२२ साली तिचे वाचन झाले. मात्र ती छापणे आणि पुढे संगणकावर साठविणे हे प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ अभ्यासकांसमोर उभे होते. गार्डिनर यांची चिन्हसूची, 'मॅन्युएल द कोडाज' ही संकेतपद्धती आणि २००९ पासून युनिकोडमध्ये झालेला समावेश हे या प्रवासाचे प्रमुख टप्पे होत. प्रस्तुत लेखात या टप्प्यांचे विवेचन केले असून, संकेतन हे केवळ तांत्रिक काम नसून 'चिन्ह म्हणजे काय' या मूलभूत प्रश्नाचे उत्तर त्यात गृहीत धरलेले असते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : चित्रलिपी, संकेतन, चिन्हसूची, युनिकोड, नियंत्रक चिन्हे, देवनागरी, मोडी.

१. प्रस्तावना :

लिपी नष्ट होते ती दोन प्रकारे. एक म्हणजे ती वाचणारी माणसे उरत नाहीत. दुसरा प्रकार आपल्या काळातला आहे. मजकूर साठविलेला असतो, वाचणारी माणसेही असतात, परंतु ज्या यंत्राच्या साहाय्याने तो वाचायचा त्या यंत्राला त्या खुणांचा अर्थ कळेनासा होतो. जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला आपलाच एखादा मराठी निबंध दहा-बारा वर्षांनी नव्या संगणकावर उघडल्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग समोर येते, हा अनुभव महाविद्यालयीन अध्यापकांना नवा नाही. इजिप्शियन चित्रलिपीच्या वाट्याला विनाशाचा पहिला प्रकार आलाच होता. दुसरा येऊ नये यासाठी गेली चार दशके प्रयत्न सुरू आहेत. या प्रयत्नांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चित्रलिपीतील सर्वांत अलीकडचा, निश्चित तारीख असलेला लेख दक्षिण इजिप्तमधील फिले येथील मंदिरात असून तो २४ ऑगस्ट ३९४ या दिवसाचा आहे. त्यानंतर ही लिपी जाणणाऱ्यांची परंपरा खंडित झाली. १७९९ मध्ये रोझेटा येथे तीन लिप्यांतील शिलालेख सापडला आणि २७ सप्टेंबर १८२२ रोजी झाँ-फ्रान्स्वा शांपोलियों यांनी पॅरिस येथे आपल्या वाचनाची पद्धत मांडली. येथून आधुनिक इजिप्तविद्येचा प्रारंभ झाला असे मानले जाते.

२. लिपीचे स्वरूप आणि अडचणीचे मूळ :

संकेतनाची अडचण समजण्यासाठी या लिपीची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. चित्रे दिसतात म्हणून ही केवळ 'चित्रांची भाषा' आहे, हा समज चुकीचा आहे. यातील चिन्हे तीन प्रकारची कामे करतात. काही चिन्हे ध्वनी दाखवितात, तो ध्वनी एका, दोन किंवा तीन व्यंजनांचा असू शकतो. काही चिन्हे संपूर्ण शब्द दर्शवितात. तिसऱ्या प्रकारची चिन्हे शब्दाच्या शेवटी येऊन तो शब्द कोणत्या अर्थवर्गातला आहे हे सुचवितात. त्यांना निर्धारक चिन्हे म्हणता येईल, ती उच्चारली जात नाहीत. एकच चिन्ह संदर्भानुसार यांपैकी वेगवेगळी कामे करू शकते. स्वर लिहिण्याची प्रथा मात्र नव्हती.

दुसरे वैशिष्ट्य मांडणीचे आहे. चिन्हे एकापुढे एक अशी सरळ रांगेत येत नाहीत. लेखक एका काल्पनिक चौरसात दोन, तीन किंवा अधिक चिन्हे बसवीत असे. त्यातील काही वर, काही खाली, काही शेजारी, तर काही दुसऱ्या चिन्हाच्या मोकळ्या कोपऱ्यात येत. लेखन उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे किंवा उभ्या स्तंभांतही होत असे. माणसे व प्राणी यांची तोंडे सामान्यतः ओळीच्या प्रारंभाकडे वळलेली असतात, त्यावरून वाचनाची दिशा कळते. राजाचे नाव लंबगोल वेष्टनात लिहीत. त्याला 'कार्तूश' असे म्हणतात.

उदाहरणादाखल 'ह्-त्-प्' या तीन व्यंजनांचा शब्द घेऊ. शांती, समाधान, अर्पण अशा अर्थच्छटा असलेला हा शब्द 'आमेनहोतेप' या राजनामात आपल्या परिचयाचा आहे. तो लिहिताना वर नैवेद्याच्या चटईवर ठेवलेल्या पावाचे आडवे चिन्ह येते व त्याच्याखाली शेजारी-शेजारी दोन लहान चिन्हे येतात. त्यांपैकी पावाचे 'त' हे ध्वनी देणारे, तर चौकोनी आसनाचे 'प' हे ध्वनी देणारे. वरचे चिन्ह एकटेच 'ह्-त्-प्' असे वाचले जाते. खालची दोन चिन्हे त्याच्या शेवटच्या दोन व्यंजनांची पुनरुक्ती करून वाचकाला साहाय्य करतात. हे साधे उदाहरण पुढील सर्व विवेचनात उपयोगी पडणार आहे.

३. गार्डिनर यांची सूची : मुद्रणातून आलेली शिस्त :

संगणकाच्या कितीतरी आधी हा प्रश्न मुद्रकांसमोर आला. एकोणिसाव्या शतकात बर्लिन येथे आणि पुढे कैरो येथील फ्रेंच पुरातत्त्व संस्थेच्या मुद्रणालयात चित्रलिपीचे खिळे तयार झाले. परंतु अभ्यासविश्वावर सर्वाधिक प्रभाव पडला तो ब्रिटिश अभ्यासक अ‍ॅलन गार्डिनर यांच्या कामाचा. त्यांचे इजिप्शियन व्याकरण १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या अखेरीस दिलेल्या चिन्हसूचीत प्रत्येक चिन्हाला एक वर्गाक्षर व एक क्रमांक आहे. 'ए' म्हणजे पुरुष, 'बी' म्हणजे स्त्री, 'डी' म्हणजे मानवी अवयव, 'जी' म्हणजे पक्षी, 'एन' म्हणजे आकाश-पृथ्वी-जल, 'ओ' म्हणजे वास्तू असे वर्ग करून शेवटी ज्यांचे मूळ ओळखता येत नाही त्यांच्यासाठी 'एए' हा वर्ग ठेवला आहे. त्यानुसार बसलेला पुरुष हा 'ए१', घुबड 'जी१७' आणि आपल्या उदाहरणातील तीन चिन्हे अनुक्रमे 'आर४', 'एक्स१' व 'क्यू३' होत.

या सूचीचे महत्त्व दुहेरी आहे. तिने जगभरच्या अभ्यासकांना चिन्हांविषयी बोलण्यासाठी समान नावे दिली. त्याचबरोबर तिने एक मर्यादाही घालून दिली. गार्डिनर यांचे व्याकरण मध्य इजिप्शियन भाषेचे होते आणि त्या भाषेच्या नेहमीच्या लेखनासाठी सात-आठशे चिन्हे पुरेशी असतात. पण टॉलेमी राजांच्या व रोमन काळात एडफू, डेंडेरा, एस्ना येथील मंदिरांच्या भिंतींवर पुरोहितांनी चिन्हांची संख्या काही हजारांपर्यंत वाढविली. ती चिन्हे या सूचीत येणे शक्य नव्हते. अध्यापनासाठी केलेली सूची पुढे संपूर्ण लिपीचे माप ठरली आणि तिचे परिणाम संगणकयुगातही जाणवत राहिले.

४. 'मॅन्युएल द कोडाज' : साध्या कळफलकाने लिहिलेली चित्रलिपी :

१९८० च्या दशकाच्या मध्यास इजिप्तविद्या आणि संगणक यांची सांगड घालणाऱ्या अभ्यासकांनी एक सामायिक संकेतपद्धती ठरविली. यान ब्यूरमान, निकोला ग्रिमाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तिचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. ती 'मॅन्युएल द कोडाज' या फ्रेंच नावाने ओळखली जाते. तिचे तत्त्व अत्यंत साधे आहे. चिन्हासाठी गार्डिनर यांचा क्रमांक किंवा त्याचे ध्वनिमूल्य लिहावयाचे आणि मांडणीसाठी कळफलकावरील विरामचिन्हे वापरावयाची. एका चौरसानंतर दुसरा चौरस येतो हे आडव्या रेघेने, एक चिन्ह दुसऱ्याच्या वर आहे हे अपूर्णविरामाने आणि दोन चिन्हे शेजारी आहेत हे तारांकित खुणेने दाखवितात. त्यामुळे आपले उदाहरण 'आर४:एक्स१*क्यू३' असे लिहिले जाते. मूळ रोमन लेखनात ही केवळ आठ अक्षरे होतात आणि ती जगातील कोणत्याही संगणकावर साठविता येतात.

ही पद्धत आजही टिकून आहे. सर्ज रोस्मोर्दुक यांनी विकसित केलेला 'जेसेश' हा मुक्त स्रोत संपादक याच पद्धतीवर आधारित असून इजिप्तविद्येच्या क्षेत्रात तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तथापि या पद्धतीत दोन उणिवा राहिल्या. पहिली अशी की, मूळ नियमांत न बसणाऱ्या मांडणीसाठी प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापल्या खुणांची भर घातली, परिणामी एकाच पद्धतीच्या अनेक बोली तयार झाल्या. दुसरी उणीव अधिक खोल होती. संगणकाच्या दृष्टीने हा मजकूर चित्रलिपीचा नव्हताच, तो रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा होता. विशिष्ट सॉफ्टवेअर असेल तरच त्याचे चित्रलिपीत रूपांतर होई. मार्क-यान नेडरहॉफ यांनी २००२ मध्ये मांडलेल्या सुधारित संकेतपद्धतीने पहिल्या उणिवेवर काटेकोर उपाय सुचविला. दुसऱ्या उणिवेवरचा उपाय मात्र युनिकोडनेच होणे शक्य होते.

५. युनिकोड : चिन्हाला कायमचा क्रमांक :

युनिकोडचे मूलतत्त्व असे की, प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो क्रमांक यंत्र, सॉफ्टवेअर वा फॉन्ट यांवर अवलंबून नसावा. आकार दाखविणे हे फॉन्टचे काम, ओळख सांगणे हे क्रमांकाचे काम. चित्रलिपीच्या समावेशाचे प्रस्ताव मायकेल एव्हरसन यांनी १९९० च्या दशकात मांडण्यास प्रारंभ केला. पुढे बॉब रिचमंड यांच्यासह २००७ मध्ये दिलेल्या प्रस्तावाच्या आधारे ऑक्टोबर २००९ मधील युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत १,०७१ चिन्हे समाविष्ट झाली. त्यांचा मुख्य आधार गार्डिनर यांची सूची व तिच्या पुरवण्या हाच होता. बसलेल्या पुरुषाचे 'ए१' हे चिन्ह यू+१३००० या पहिल्या क्रमांकावर आले.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. देवनागरीचे क्रमांक युनिकोडच्या पहिल्या पातळीत येतात आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाईट लागतात. चित्रलिपीची चिन्हे दुसऱ्या पातळीत असल्याने त्या प्रत्येकाला चार बाईट लागतात. जे सॉफ्टवेअर केवळ पहिली पातळी गृहीत धरून लिहिले गेले होते, त्यात ही चिन्हे साठविताना वा दाखविताना अडथळे येत.

परंतु २००९ च्या समावेशात मांडणीची सोय नव्हती. आपल्या उदाहरणातील तीन चिन्हे लिहिता येत, पण ती एकापुढे एक, रांगेत. चौरस तयार करण्याचे काम युनिकोडबाहेरील सॉफ्टवेअरकडे सोपविले होते. हे म्हणजे देवनागरीत क, हलन्त व ष लिहून त्यांचा 'क्ष' न होऊ देण्यासारखे होय. वाचणारा अर्थ लावील, पण ते लेखन लिपीच्या प्रकृतीला धरून होणार नाही. त्यामुळे अनेक इजिप्तविद्यातज्ज्ञ युनिकोडपेक्षा जुनीच पद्धत वापरत राहिले, यात नवल नाही.

६. नियंत्रक चिन्हे : जोडाक्षराचे तत्त्व :

ही त्रुटी मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२.० या आवृत्तीने दूर होऊ लागली. तिच्यात नऊ नियंत्रक चिन्हे आली. त्यांना सामान्यतः स्वतःचा दृश्य आकार नाही. आजूबाजूची चिन्हे कशी जोडावयाची एवढेच ती सांगतात. त्यांपैकी एक वर-खाली जोडते, एक शेजारी जोडते, चार नियंत्रके मोठ्या चिन्हाच्या चार कोपऱ्यांत लहान चिन्ह बसवितात, एक चिन्हांवर चिन्ह रचते आणि उरलेली दोन गटाचा आरंभ व शेवट दाखवितात. आता आपले उदाहरण 'आर४', वर-खाली जोड, 'एक्स१', शेजार-जोड, 'क्यू३' अशा पाच क्रमांकांत साठविता येते. शेजार-जोड अधिक घट्ट मानलेली असल्याने खालची दोन चिन्हे आधी एकत्र येतात व मग ती वरच्या चिन्हाखाली बसतात. पाच क्रमांकांचे मिळून वीस बाईट होतात.

मराठी वाचकाला हे तत्त्व अपरिचित वाटू नये. 'क्ष' हे अक्षर आपण एकसंध पाहतो, पण संगणकात ते तीन क्रमांकांच्या क्रमाने साठविलेले असते व त्यातील हलन्त हा जोडणीचा संकेत असतो. जे साठविले जाते आणि जे दिसते यांतील हा भेद दोन्ही लिप्यांत आहे. फरक इतकाच की, देवनागरीत जोडणीची दिशा बव्हंशी परंपरेने ठरलेली असते, तर चित्रलिपीत एकाच शब्दाची मांडणी प्रत्येक लेखात निराळी असू शकते. म्हणून ती स्पष्टपणे सांगावी लागते.

सप्टेंबर २०२२ मधील १५.० या आवृत्तीत आणखी नियंत्रके आली. चिन्ह आरशातल्याप्रमाणे उलटे दाखविणे, कार्तूशसारखी वेष्टने उघडणे-मिटणे, मोकळी जागा व नष्ट झालेले चिन्ह दर्शविणे अशी त्यांची कामे आहेत. यांतील एक सोय संशोधनाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. चिन्हाचे चार चतुर्थांश कल्पून त्यांपैकी कोणते भाग शिलालेखात झिजले वा तुटले आहेत ते नोंदविता येते. चार भागांच्या, किमान एक भाग खराब असलेल्या, पंधरा शक्यता होतात व तेवढीच पंधरा नियंत्रके दिलेली आहेत. मूळ लेखात प्रत्यक्ष काय दिसते आणि संपादकाने काय पूर्ण केले हा भेद मजकुरातच जतन होणे ही शास्त्रीय प्रामाणिकपणाची पहिली अट होय.

७. एक चिन्ह की दोन ? :

संकेतनातील खरा वादाचा प्रश्न तंत्राचा नसून ओळखीचा आहे. दोन आकार दिसायला भिन्न आहेत म्हणून ती दोन चिन्हे मानावीत का ? 'ए१' मधील पुरुषाची दाढी वा केशरचना निरनिराळ्या स्मारकांवर निरनिराळी दिसते. तो कारागिराच्या हाताचा भेद आहे, अर्थाचा नव्हे. परंतु तोच बसलेला पुरुष हात तोंडाकडे नेताना दाखविला की तो 'ए२' होतो आणि खाणे, बोलणे, विचार करणे अशा क्रियांचा निर्धारक ठरतो. उलट 'जी१' हे गिधाड आणि 'जी४' हा बाजाच्या जातीचा पक्षी दिसण्यात इतके जवळ आहेत की घाईने कोरलेल्या लेखांत ते वेगळे काढणे कठीण जाते, पण त्यांची ध्वनिमूल्ये पूर्णतः भिन्न आहेत. म्हणजे आकारातील मोठा फरक निरर्थक असू शकतो आणि अत्यल्प फरक निर्णायक असू शकतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या १६.० या आवृत्तीत मिशेल स्विन्यार यांच्या प्रस्तावाच्या आधारे ३,९९५ नव्या चिन्हांचा विस्तारित विभाग आला. मूळ विभागात उरलेली एकमेव जागाही २०२२ मध्ये भरलेली असल्याने दोन्ही विभागांतील चिन्हांची एकूण संख्या ५,०६७ होते. टॉलेमी व रोमन काळातील मंदिरलेखांचे संकेतन यामुळे बव्हंशी शक्य झाले आहे. मात्र या वाढीबरोबर एक धोकाही आला. जुन्या मुद्रणालयांच्या सूच्यांतून पुढच्या सूच्यांत उतरलेली काही चिन्हे अशी आहेत की, ती कोणत्या लेखात आढळली हे सांगता येत नाही. नकलाकाराची चूक एकदा सूचीत शिरली की तिला क्रमांक मिळतो आणि क्रमांक मिळाला की तिला अस्तित्व मिळते.

युनिकोडच्या धोरणानुसार एकदा दिलेला क्रमांक परत घेतला जात नाही. जुना मजकूर कायम वाचता यावा यासाठी हा नियम आवश्यकच आहे, पण त्यामुळे निर्णयातील चूकही कायमची होते. यावर उपाय म्हणून १६.० आवृत्तीबरोबर चिन्हांची माहिती देणारी एक स्वतंत्र नोंदसारणी प्रसिद्ध करण्यात आली. तिच्यात चिन्हाचे वर्णन व सूच्यांतील संदर्भ दिलेले असून, सर्वसाधारण वापरासाठी कोणती चिन्हे ग्राह्य आणि कोणती केवळ जुन्या मजकुराच्या सोयीसाठी ठेवलेली, असा भेदही केलेला आहे. लिएज विद्यापीठ व बर्लिन-ब्रांडेनबुर्ग अकादमी यांच्या सहकार्यातून सिद्ध होत असलेली 'थॉट' चिन्हसूची प्रत्येक चिन्हाच्या प्रत्यक्ष वापराचे दाखले गोळा करण्याचे काम करीत आहे. सूचीकडून पुराव्याकडे जाण्याची ही दिशा स्वागतार्ह म्हटली पाहिजे.

८. संकेतनाच्या मर्यादा :

संकेतन म्हणजे वाचन नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. पाच हजार चिन्हांना क्रमांक मिळाले म्हणून संगणकाला इजिप्शियन भाषा कळू लागते असे नाही. एकच शब्द अनेक प्रकारे लिहिला जात असल्याने शोध घेण्यासाठी लिप्यंतर व कोशनोंदी यांची जोड लागतेच. २००४ पासून महाजालावर उपलब्ध असलेला बर्लिन येथील इजिप्शियन भाषेचा बृहत्कोश हे काम करीत आहे. शिवाय नियंत्रकांसह लिहिलेला व नियंत्रकांविना लिहिलेला शब्द संगणकाच्या दृष्टीने दोन भिन्न शब्द ठरतात. शोध घेताना नियंत्रके दुर्लक्षित करण्याची सूचना सॉफ्टवेअरला द्यावी लागते. सर्व मांडण्या अचूक दाखविणारे फॉन्ट तयार करणे हेही कष्टाचे काम असून, मानक प्रसिद्ध होणे आणि ते सामान्य संगणकावर प्रत्यक्ष दिसणे यांत काही वर्षांचे अंतर पडते.

९. आपल्या दृष्टीने महत्त्व :

दूरच्या देशातील मृत लिपीच्या या कथेशी मराठी अभ्यासकाचा संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर दोन तारखांत आहे. सोळा शतकांपूर्वी लोप पावलेल्या चित्रलिपीला युनिकोडमध्ये २००९ साली स्थान मिळाले. विसाव्या शतकापर्यंत महाराष्ट्रात व्यवहारात असलेल्या मोडी लिपीला ते जून २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत, मिळाले. मोडीतील ७९ चिन्हांना क्रमांक देणे हे हजारो चित्रचिन्हांच्या तुलनेने सोपे काम होते. तरीही ते पाच वर्षे उशिरा झाले. लिपीचे महत्त्व वा तिची सुलभता यांवर संकेतन ठरत नाही. तिच्यासाठी सूच्या करणारे, पुरावे जमविणारे व प्रस्तावांचा पाठपुरावा करणारे अभ्यासक किती, यावर ते ठरते.

दुसरा मुद्दा असा की, क्रमांक मिळाल्याने काम संपत नाही, ते तेथून सुरू होते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील व अन्यत्र असलेल्या मोडी कागदांतील संक्षेप, जोडणी आणि अस्पष्ट अक्षरे कशी नोंदवावीत, मूळ व संपादकाची भर यांत भेद कसा ठेवावा, हे प्रश्न चित्रलिपीच्या अभ्यासकांनी सोडविलेल्या प्रश्नांसारखेच आहेत. त्यांचे अनुभव आपल्याला मार्गदर्शक ठरू शकतात.

१०. निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) चित्रलिपीच्या संकेतनाचा पाया संगणकशास्त्राने नव्हे, तर १९२७ मधील एका व्याकरणाच्या चिन्हसूचीने घातला. सूचीच्या गुणांबरोबर तिच्या मर्यादाही पुढे आल्या.

२) केवळ चिन्हांना क्रमांक देणे पुरेसे नसते. मांडणी हा लिपीचा अविभाज्य भाग असल्याने तिचेही संकेतन करावे लागते. २०१९ व २०२२ मधील नियंत्रक चिन्हांनी ही गरज मोठ्या प्रमाणात भागविली.

३) दिलेला क्रमांक परत घेता येत नाही, म्हणून प्रत्येक चिन्हामागे प्रत्यक्ष लेखातील पुरावा असणे अनिवार्य आहे.

४) झालेली हानी व केलेली पूर्ती यांची नोंद मजकुरातच ठेवण्याची चित्रलिपीच्या संकेतनातील सोय मोडीसह इतर ऐतिहासिक लिप्यांच्या संपादनासाठी अनुकरणीय आहे.

फिलेच्या मंदिरात शेवटचा लेख कोरणाऱ्याला आपल्यामागे ही लिपी कोणी वाचणार नाही याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. आपल्याला ती कल्पना आहे. म्हणूनच आपल्या हाती असलेले लेखन पुढच्या पिढीला वाचता येईल अशा रीतीने साठविणे ही ज्या त्या लिपीच्या अभ्यासकांची जबाबदारी ठरते.